किनाऱ्यावरच्या उन्हाळी शिबिराची आवराआवर: शेवटचा दिवस कसा लावावा

प्रश्न थोडक्यात असा. गुहागर तालुक्यात समुद्रालगत सुरूच्या बनात मुलांचं निवासी शिबिर चालतं. एका तुकडीत ६० मुलं, १५ तंबू, ६ कायाक, ४० लाइफ जॅकेटं, एक पत्र्याची शेड, एक विहीर. शेवटच्या तुकडीची मुलं दुपारी बसने जातात आणि संध्याकाळपर्यंत सगळं शेडमध्ये भरून कुलूप लावलं जातं. दिवाळीनंतर उघडलं तर तंबूंवर काळे ठिपके, झिपा जाम, जॅकेटांना कुबट वास. शेड गळत नाही. मग असं का होतं, आणि शेवटचा दिवस कसा लावावा?

शेड न गळताही सामान भिजतं, कारण त्यात मीठ राहिलेलं असतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते याहून बऱ्याच कोरड्या हवेतही ओलावा धरतात. जूनमध्ये स्वयंपाकघरातली मिठाची बरणी पाझरायला लागते, तेच तुमच्या तंबूच्या शिवणीत होत असतं. किनाऱ्यावर पावसाळाभर हवा बहुतेक वेळ त्या पातळीच्या वरच असते. त्यामुळे खारवलेला तंबू उन्हात कडकडीत वाळवून आत ठेवला तरी पहिल्या पावसाबरोबर पुन्हा दमट होतो आणि श्रावण उलटेपर्यंत दमटच राहतो. बुरशीला एवढं पुरतं. म्हणून आधी मीठ काढायचं, मग वाळवायचं. नुसतं वाळवणं फुकट जातं.

यातूनच पहिला निर्णय निघतो. मुलं जातात त्या दिवशी शिबिर बंद करू नका. मुलं गेल्यावर निदान दोन आणि जमल्यास तीन कोरडे दिवस हातात ठेवा, आणि चार माणसं त्यासाठी राहतील असं आधीच ठरवा. १५ तंबू धुऊन वाळवायला एक दुपार कधीच पुरत नाही.

हे कोरडे दिवस मिळायचे तर तारीख मागे घ्यावी लागते. "मृग ७ जूनला, म्हणजे मे महिना आपलाच" हा हिशेब आता धरू नये. २०२५ मध्ये मान्सून २५ मे रोजीच तळकोकणात दाखल झाला. २०२१ च्या मेच्या मध्यावर तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून वर सरकलं, आणि २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ ३ जूनला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. वळवाच्या सरी तर रोहिणीच्या आधीही येतात. शिवाय प्रवासी होड्या आणि जलक्रीडा दरवर्षी २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतात, तेव्हा त्या तारखेपलीकडे समुद्रातला कार्यक्रम ठेवताच येत नाही. शेवटची तुकडी १८ ते २० मेच्या दरम्यान घरी पोचेल अशी आखणी करा. आसपासच्या कोळीवाड्यात होड्या पुळणीवर चढवून शाकारायला सुरुवात झालेली दिसली आणि तुमचे तंबू अजून उभे असले, तर तुम्हाला उशीर झालेला आहे.

समुद्रातला शेवटचा कार्यक्रम मुलं जाण्याच्या आदल्या दिवशी सकाळी संपवा. शेवटच्या सकाळी "एकदाच डुंबून येऊ" असा हट्ट होतो आणि ताईदादांनाही नाही म्हणवत नाही. पण त्या एका डुंबण्यात ६० ओले पोशाख पिशव्यांत जातात, ४० जॅकेटं पुन्हा खारी होतात आणि हजेरीच्या वेळी पाच मुलं नळावर असतात. निरोपासाठी किनारा हवाच असेल तर ओहोटीच्या वेळी पुळणीवर चालायला न्या आणि त्या चालण्यालाच वेचणी करा. सगळी मुलं हातभर अंतरावर एका ओळीत उभी करून बनाच्या कडेपासून पाण्यापर्यंत जायचं, दिसेल ते प्लास्टिक, दोरीचा तुकडा, खुंटी उचलायची. वाळूत राहिलेली लोखंडी खुंटी पुढे गुरांच्या खुरात किंवा पोरांच्या पायात जाते. तंबूच्या जितक्या खुंट्या मोजून लावल्या तितक्याच परत मोजून घ्या. मुलांनी खणलेले खड्डे आणि वाळूचे किल्ले त्याच फेरीत बुजवा. गुहागर, आंजर्ले, वेळास या पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं मेपर्यंत बाहेर पडत असतात. एवढंसं पिल्लू वीतभर खोल खड्ड्यात पडलं तर वर येत नाही.

आदल्या रात्रीच्या शेकोटीबद्दल सांगायलाच हवं, कारण इथे चूक जवळपास सगळीकडे एकच होते. निखाऱ्यांवर वाळू लोटून आग विझवली असं मानतात. वाळूखाली निखारे सकाळपर्यंत लाल राहतात, वरून काही दिसत नाही, आणि सकाळी अनवाणी आलेल्या मुलाचा पाय भाजतो. सुरूच्या बनात तर खाली सुयांसारख्या काड्यांचा जाड थर असतो, आग त्यातून धुमसत दूर जाऊ शकते. पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता, आणि तळहाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब लागत नाही याची खात्री झाल्यावरच जागा सोडा. मध्यम शेकोटीला चार-पाच बादल्या लागतात. या एका कामाला समुद्राचं पाणी खुशाल वापरा.

आता मुलं जाण्याची सकाळ. पिशव्या आदल्या संध्याकाळीच भरून घ्या, सकाळी फक्त अंथरूण आणि दात घासण्याचं सामान बाहेर राहील. ओल्या कपड्यांची वेगळी पिशवी करून ती पिशवीत सगळ्यात वर ठेवायला सांगा. घरी गेल्यावर तीच आधी उघडली जाते. हरवलेल्या वस्तू चटईवर मांडून प्रत्येक गटाला त्यासमोरून एकदा चालवा. नावं पुकारत बसलात तर तास जातो आणि निम्म्या वस्तू तशाच उरतात. नाश्ता हलका आणि निघण्याच्या निदान दीड तास आधी द्या. मऊभात, लिंबाचं लोणचं, केळं पुरे. घाटात ओकारी होणाऱ्या मुलांना मिसळ किंवा तळलेलं देऊ नये. कुंभार्ली घाट चढताना त्याची किंमत मुलालाच मोजावी लागते. ओकारीची गोळी लागणाऱ्या मुलांची यादी पालकांच्या लेखी परवानगीसह आधीपासून हवी, आणि गोळी बसमध्ये चढण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यावी. बस हलल्यावर दिलेली गोळी उपयोगाची नाही.

मूल सोपवताना तीन गोष्टी एकाच टेबलावर, एकाच माणसाकडे असाव्यात: सही घ्यायची वही, मुलांची औषधं आणि जमा केलेले मोबाइल-पैसे. नोंदणीच्या अर्जावर ज्याचं नाव आहे त्यालाच मूल द्यायचं. "मी त्याचा काका, ताईंनी पाठवलंय" म्हणणाऱ्याला बसवून पाणी द्या आणि आईवडिलांना स्वतः फोन लावा, समोरच्याने लावून दिलेला फोन घेऊ नका. औषधं नाव लिहिलेल्या पाकिटातून परत द्या, आणि सोबत एक चिठ्ठी: काय लागलं, काय चावलं, कोणत्या दिवशी ताप होता, काय दिलं. जेलीफिश लागल्याची किंवा कान दुखल्याची नोंद चिठ्ठीत असायलाच हवी. तीन दिवसांनी त्रास वाढला तर घरच्या डॉक्टरला तेवढाच दुवा असतो. बसने जाणाऱ्यांची मोजणी तीनदा करा: रांगेत, बसमध्ये बसल्यावर, आणि पहिल्या थांब्यानंतर. नुसते आकडे मोजू नका, नावाने हजेरी घ्या. ६० चा आकडा कधीकधी ड्रायव्हरच्या मुलाला धरूनही जुळतो.

बस गेली की माणसं थकलेली असतात आणि इथेच घाई होते. दुपारी दोन वाजता तंबू उतरवायला घेऊ नका. मे महिन्यात सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा कोरडा असतो. दहा-अकराच्या सुमारास समुद्रावरचा खारा वारा सुरू होतो आणि दुपारभर जोर धरतो. म्हणजे तंबू धुवायची वेळ पहाटे साडेपाच ते नऊ, वाळवायची नऊ ते साडेचार. त्या दुपारी जेवा, झोपा, आणि उन्हं कलल्यावर तंबू फक्त आतून झाडून घ्या: उलटे करा, कोपऱ्यांतली वाळू काढा, जुन्या टूथब्रशने झिपांचे दात घासा. झिप खेचणारी धातूची सरक वाळूने आणि खाऱ्या गंजाने जाम होते. ती आत्ता घासली आणि वाळल्यावर मेणबत्ती फिरवली तर पुढच्या हंगामात चालते. तेल लावू नका, त्याला वाळू चिकटते.

धुण्याचं पाणी हा मेअखेरीचा खरा प्रश्न. विहिरीने तळ गाठलेला असतो. नळीने धुतलात तर एका तंबूला १०० लिटरही पुरत नाहीत. २०० लिटरची दोन पिंपं घ्या. पहिल्यात तंबूचं कापड बुडवून दाबायचं, पिळायचं नाही, वर काढून निथळू द्यायचं आणि दुसऱ्यात पुन्हा बुडवायचं. चार-पाच तंबू झाले की पहिल्यातलं पाणी खारट लागायला लागतं. ते खुंट्या आणि कायाकची बाहेरची बाजू धुवायला वापरा, दुसऱ्या पिंपातलं पहिल्यात घ्या, दुसरं ताजं भरा. अशाने १५ तंबू सात-आठशे लिटरमध्ये होतात. साबण किंवा धुण्याची पावडर वापरू नका, त्याने कापडावरचा पाणी अडवणारा थर कमी होतो. मीठ गेलं का हे पाहायला कोपऱ्यातल्या जाड पट्टीला जीभ लावा. कापड पटकन स्वच्छ होतं, पट्टी आणि शिवण मीठ धरून ठेवतात.

वाळवायला पुळण नको, बनही नको. तिथे वाऱ्याबरोबर खारा फवारा परत बसतो. गावाच्या बाजूला वाडीच्या आत एखाद्याचं खळं किंवा सड्यावरची मोकळी जागा मागून घ्या आणि दोन झाडांमध्ये दोरी बांधून त्यावर टांगा. जांभ्याच्या कातळावर पसरू नका, तो दुपारी इतका तापतो की आतला थर चिकट होतो आणि खडबडीत दगडावर कापड घासलं जातं. नायलॉन-पॉलिएस्टरला एक-दीड तास ऊन पुरे, पुढे सावलीत वाऱ्यावर राहू द्या. सततच्या उन्हाने धागा कमजोर होतो. सुती कॅनव्हासचं उलट, त्याला दोन पूर्ण दिवसांचं ऊन लागतं. साडेचार वाजता, हवा परत दमट होण्याआधी, सगळं काढून घराच्या आत घ्या आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा टांगा.

वाळलं असं हाताला वाटतं तेव्हा बहुतेकदा शिवणी ओल्या असतात. खात्रीचा उपाय सोपा आहे. जाड शिवणीचा भाग पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड आवळा आणि उन्हात १५ मिनिटं ठेवा. आत बाष्प धरलं तर अजून एक दिवस. यात सूट देऊ नका. काळे ठिपके आधीच पडलेले असतील तर ते जाणार नाहीत. पांढरं व्हिनेगर तितक्याच पाण्यात मिसळून पुसलं तर बुरशी मरते, डाग राहतो. ब्लीचिंगने डाग फिका होईल, पण कापड आणि शिवणीचा दोरा दोन्ही खराब होतात.

ठेवताना तंबू कंपनीच्या घट्ट पिशवीत कोंबू नका, प्लास्टिकच्या गोणीत तर नाहीच. जुन्या साडीत किंवा चादरीत सैल बांधा आणि शेडच्या आढ्याला दोरीने टांगा, भिंतीपासून वीतभर लांब. दोरीत मध्ये पत्र्याची ताटली ओवली की उंदीर खाली उतरत नाही. अॅल्युमिनियमच्या काठ्या सांध्यातून सुट्या करून धुवा, नाहीतर मिठाने सांधे गंजून त्या कायमच्या अडकतात. आत लवचिक दोरी असेल तर घडी मधल्या सांध्यापासून घाला, ताण दोन्हीकडे सारखा राहतो. लोखंडी खुंट्या वाळवून, जुनं इंजिन ऑइल लावलेल्या फडक्यात गुंडाळून डब्यात.

लाइफ जॅकेटं त्याच पिंपात बुडवून सावलीत टांगा आणि टांगलेलीच ठेवा. एकावर एक रचली तर खालच्यांचा फोम दबतो आणि दबलेला फोम कमी तरंगवतो. टांगताना प्रत्येकाचा बकल लावून जोरात ओढून पाहा, शिवण बोटाने चाचपा. जे बाद आहे त्याचे पट्टे तिथल्या तिथे कापून टाका. नुसतं "बाद" लिहून बाजूला ठेवलेलं जॅकेट नोव्हेंबरच्या गर्दीत हमखास कुणाच्या तरी अंगावर चढतं. कायाकचं निचऱ्याचं बूच काढून ठेवा, बोट पालथी किंवा कुशीवर दोन जुन्या टायरांवर ठेवा आणि बसायच्या तोंडाला जाळी बांधा, पावसाळ्यात सापाला ती जागा फार आवडते. टायरमध्ये मात्र पाणी साचून डास होतात, तेव्हा टायर छपराखालीच हवेत. काथ्याचा दोर पुढच्या वर्षी भार घेण्यासाठी धरू नका.

स्वयंपाकघर तुलनेने सोपं. डाळी-तांदूळ ऊन देऊन ठेवतात हे सगळ्यांना माहीत असतं, चुकतं ते पुढे: गरम धान्य लगेच डब्यात भरलं की झाकणाला आतून घाम येतो आणि किडीला तेच हवं असतं. सावलीत पूर्ण निवू द्या. गूळ, मीठ, पापड ठेवू नका, वाटून टाका. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी लावा, सिलिंडर उभा आणि हवेशीर जागी. फ्रीज बंद करून दार लाकडाचा तुकडा लावून उघडं ठेवा. पेट्रोल जनरेटरची टाकी रिकामी करा, मग पेट्रोलचा कॉक बंद ठेवून तो आपोआप थांबेपर्यंत चालवा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा ओढतं आणि चार महिन्यांत कार्ब्युरेटर खराब करतं. डिझेलच्या टाकीचं उलट, ती काठोकाठ भरायची, म्हणजे आत बाष्प धरायला जागा राहत नाही. इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण चार्ज करून, डिस्टिल्ड वॉटर भरून, तारा काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा कुणीतरी चार्ज करेल अशी सोय करा. उतरलेली बॅटरी पडून राहिली की परत उभी राहत नाही.

विहिरीच्या काठावरचा पंप उचला. कोकणातली विहीर जुलैत पार वर येते आणि मेमध्ये पाण्यापासून खूप वर वाटलेली मोटर पाण्याखाली जाते. पाणी तळाला आहे तोवर गाळही आत्ताच काढून घ्या. खड्ड्याचे तात्पुरते संडास असतील तर ते चुना आणि मातीने बुजवा, वर उंचवटा ठेवा. भूजल वर आलं की तोच मैला विहिरीत झिरपतो. म्हणून पुढच्या वर्षी खड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर आणि उताराच्या बाजूला घ्या. चौथऱ्यावरची रिकामी प्लास्टिकची टाकी वादळात उडते. ती खाली उतरवून बांधा, किंवा भरून झाकण आणि हवेच्या तोटीला डास जाणार नाही अशी जाळी लावून ठेवा. बादल्या, करवंट्या, डबे पालथे.

मांडव पूर्ण उतरवा. झापांचा मांडव "राहू दे, पुढे उपयोग होईल" म्हणून ठेवतात, आणि नैर्ऋत्येच्या पहिल्या वाऱ्याला त्याचे बांबू शेजारच्या कौलांवर जातात. शेडची समुद्राकडची बाजू उघडी असेल तर वारा आत शिरून पत्रा खालून उचलतो. ती बाजू बंद करा आणि पत्र्याच्या हुकांचे नट एकेक करून आवळा.

दुरुस्तीची वही याच तीन दिवसांत लिहा. फाटलेल्या, तुटलेल्या प्रत्येक वस्तूला लाल चिंधी बांधा आणि वहीत काय हवंय ते मापासकट लिहा: झिप किती लांब, बकल किती रुंद पट्टीचा. नोव्हेंबरमध्ये "एका तंबूचं काहीतरी होतं" एवढंच आठवतं.

आणि ज्यांच्या जिवावर दोन महिने शिबिर चाललं त्या स्वयंपाकाच्या मावश्या, होडीवाले, दूधवाला, पाणी ओढणारे गडी यांचा हिशेब मुलं जातील त्याच दिवशी रोख चुकता करा. जूनची वाट पाहायला लावू नका. आगोटीची म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी, बियाणं, शाकारणी, मुलांच्या वह्या हा सगळा खर्च त्यांना याच पंधरवड्यात असतो, आणि १ जूनपासून मासेमारी बंद झाली की होडीवाल्याच्या घरी रोकड येण्याचा रस्ता दोन महिने बंद होतो.

किल्ली गावातल्याच एका माणसाकडे ठरलेल्या मोबदल्यावर द्या. श्रावणात ऊन पडेल तेव्हा दर पंधरा दिवसांनी दोन तास शेडची दारं उघडायची, टांगलेल्या गाठोड्यांना हात लावून पाहायचा, दमट लागलं तर बाहेर वाऱ्यावर धरायचं. कुलूप पितळी घ्या, थेंबभर मशीन ऑइल घाला आणि सायकलच्या ट्यूबचा हातभर तुकडा कापून त्यावर टोपीसारखा बांधा. खारा वारा किल्लीच्या भोकात गेला की ऑक्टोबरमध्ये कुलूप उघडत नाही, तोडावं लागतं.